लेथच्या जागी हार

निहार,

हे पत्र तुला पाठवणार नाहीये, त्यामुळे नावाआधी 'प्रिय' लिहायची गरज नाही.

खंडेनवमीला तू नव्या गाडीला हार घातलेला फोटो टाकलास. त्याच वेळी आपल्या साकीनाक्याच्या गाळ्यात आपली लेथ चालवायचे ते कांबळीकाका हार घेऊन आले होते. ऑर्डरी आटल्या तेव्हा तू पवईच्या एसी ऑफिसातून मला शिकवलंस, "ताई, प्रॅक्टिकल हो. माणसं कमी कर, मशीन विक." मी दोन्ही केलं. काकांना घरी बसवलं, मग त्यांची लेथ विकली. ते त्यांना सांगायची मात्र हिंमत झाली नाही.

ज्याचं मशीन त्यानेच पुसायचं, त्यानेच हार घालायचा, ही बाबांची पद्धत आठवते ना? काका रिकाम्या जागेसमोर थबकले. मग फडक्याने लादीवरचं तेल पुसलं आणि हार तिथेच ठेवला.

"आजच्या दिवस इथे कुणी पाय नका ठेवू," एवढंच म्हणाले, आणि पेढा न घेता गेले.

ती जागा कुरिअरवाल्याला भाड्याने दिलीय. त्याची माणसं खोकी घेऊन दारात ताटकळली होती, म्हणून हार मीच उचलला. नंतर तुझ्या गाडीच्या फोटोला अंगठा दिला.

तुझी प्रॅक्टिकल ताई,
गंधाली