कीन नाही

दि. १२ ऑक्टोबर

चि. जावईबापू यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र हातात पडेल तेव्हा तुमची तब्येत चांगली असेल अशी आशा करतो. खोकला गेला का? माझं बरं चाललं आहे. डोळे थोडे चुरचुरतात, पण दिवसभर चाकापुढे ठिणग्यांत बसणाऱ्या माणसाने त्याची तक्रार करू नये. फोन करता आला असता. पण फोनवर मी "बरं, बरं" एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून कागद घेतला.

गेल्या मंगळवारी सकाळी मी एका बाईंच्या कात्रीच्या एका पात्याला धार लावली, दुसरं तसंच ठेवलं आणि दुकानाचं शटर ओढलं. असं मी कधी केलं नव्हतं. समोरचा शिंपी ओरडला, "काय रे, कोणी गेलं की काय?" मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते माझं मलाच कळलं नाही.

त्या बाई शाळेत इंग्रजी शिकवतात. कात्री माझ्या हातात देऊन त्या स्टुलावर बसल्या आणि फोनवर बोलू लागल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती, ते माझ्या कानावर होतं. फोनवर म्हणाल्या, "नाही हो, मुलगीच कीन नाही. म्हणून आम्ही पुढे गेलो नाही." फोन ठेवल्यावर मी सहज म्हटलं, "काय बाई, तुमची मुलगी तर दरवर्षी पहिली यायची. ती कशी कीन नाही?"

बाई हसल्या. "अहो, ते कीन वेगळं. तिला मुलगा पसंत नाही, तिची इच्छा नाही, असं म्हणायचं होतं मला."

मी म्हटलं, "कीन म्हणजे धारदार ना? हुशार?"

"तेही आहे. धार कीन असते, बुद्धी कीन असते. पण माणूस एखाद्या गोष्टीबद्दल कीन आहे म्हणजे त्याला ती मनापासून हवी आहे. आणि कीन नाही म्हणजे नको आहे. फक्त सभ्यपणे."

"फार कीन नाही म्हटलं तर? म्हणजे थोडी इच्छा आहे?"

"छे हो," बाई म्हणाल्या, "'फार' हे तर नुसतं समोरच्याला लागू नये म्हणून. नकोच असतं."

मी पातं चाकावरून उचललं. बाईंना म्हटलं, उद्या या. त्यांना वाटलं, आपल्या हसण्याचा राग आला.

जावईबापू, तुम्ही आमच्याकडे येऊन मुलीला भेटून गेलात, त्यानंतरच्या रविवारी तुमचे काका माझ्याकडे आले होते. तुमचे वडील नाहीत, म्हणून बोलणी तेच करत होते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले. चहा निवला तरी उचलेनात. मग एकदम म्हणाले, "हे बघा, एक गोष्ट सांगून मोकळा होतो. मुलगा फारसा कीन नाही. पुढे म्हणू नका सांगितलं नाही."

हा शब्द मला येत होता, हीच तर गंमत. धार लावायच्या बारीक दगडाच्या खोक्यावर तो छापलेला असतो, चित्रातल्या सुरीच्या खाली. ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो त्यांनी अर्थ सांगितला होता: तेज, पाजळलेली धार. बाकी माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. गावच्या शाळेत इंग्रजीच्या तासाला मास्तर आम्हाला खेळायला सोडायचे आणि स्वतः पेपर वाचायचे, त्यात दोघांचीही सोय व्हायची. त्यामुळे येणाऱ्या चार शब्दांचा मला फार अभिमान. सुरी चांगली उतरली की मी गिऱ्हाइकाला म्हणायचो, "एकदम कीन!" शिंपी मला त्यावरून साहेब म्हणायचा.

तेव्हा काकांनी "उत्सुक नाही" म्हटलं असतं किंवा "त्याला नको आहे" म्हटलं असतं, तर मी समजलो असतो. "माफ करा" म्हटलं असतं तरी समजलो असतो. नेमका मला येणाराच शब्द त्यांनी वापरला. मला वाटलं, मुलगा जरा मंद आहे आणि हा भला माणूस ते लपवत नाही.

मी काय उत्तर दिलं ते काकांनी तुम्हाला सांगितलंच असेल. मी म्हटलं, "नसेना का! सुरुवातीला सगळेच तसे असतात. संसारात पडलं की येतं हळूहळू. आणि आमची मुलगी आहे ना, ती घेईल सांभाळून."

काका माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला खरंच चालेल?"

"न चालायला काय झालं? माणूस चांगला असला की पुरे."

मग त्यांनी माझा हात हातात घेतला. म्हणाले, "तुम्ही फार मोठ्या मनाचे आहात." आणि मला ते खरं वाटलं, जावईबापू. ते गेल्यावर मी देवापुढे बसून त्याचे आभार मानले. मंगळवारी शटर ओढून आत बसलो तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की देवाला विचारावं, तू का नाही थांबवलंस? पण विचारता येईना. त्याने तर निरोप घेऊन माणूस दारात पाठवला होता.

घरी जाऊन काकांनी तुम्हाला काय सांगितलं असेल, ते आता मी ताडू शकतो. मुलीच्या बापाला तुझं मन माहीत आहे, तरी त्याची हरकत नाही, आता तू कशाला अडतोस. तुमची आईही मागे लागली असेल. तुम्ही स्वभावाने भांडणारे नाही. तुम्हाला दुसरं कोणी मनात होतं की लग्नच नको होतं, मला माहीत नाही आणि विचारायचा हक्कही नाही. तुम्ही नाही म्हटलं होतं, एवढं पुरे आहे.

हे इतकंच असतं तर मी तुम्हाला लिहिलं असतं की चूक झाली, अडाणीपणा झाला, माफ करा. पण इतकंच नाही.

काका मुलगा मंद आहे म्हणाले असं समजल्यावर मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला बरं वाटलं. तुम्ही शिकलेले, प्रयोगशाळेत नोकरी करणारे, पांढरा कोट घालणारे. मनात धाकधूक होती की हा जावई माझ्याशी काय बोलेल, माझ्या काळ्या नखांकडे बघेल. मंद असला तर मग आपल्यातलाच झाला. माझ्या शब्दाला मान देईल. मुलीला सुख लागेल की नाही यापेक्षा मला तुमच्यापुढे लाज वाटणार नाही, याचा हिशेब मी आधी केला. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही.

आणि लग्नाच्या दिवशीच मला कळलं होतं की तुम्ही मंद नाही. तुम्ही शिंप्याशी कापडाबद्दल बोललात. सूत कसलं, पाण्यात किती आटेल, तुम्ही नुसतं बोटांनी चाचपून सांगितलंत. शिंपी माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे साहेब, तू तर म्हणालास जावई बोथट आहे. हा तर वस्तरा आहे! जपून राहा, कापेल." मी हसलो. आत कुठेतरी खटकलं. मग काका काय म्हणत होते? काका तिथेच होते, दहा पावलांवर. जाऊन विचारलं असतं तर एका वाक्यात उलगडा झाला असता. मी नाही विचारलं. मनात म्हटलं, चांगल्या घरची माणसं आपल्या मुलाला कमीच सांगतात. फुकटात जास्त मिळालं, गप्प बसावं.

गप्प बसलो.

त्यानंतर तुमच्या घरी मी कितीदा आलो. तुम्ही उठून खुर्ची दिलीत, पाणी विचारलंत. कधी वाकडा शब्द नाही. तिला कधी काही कमी पडू दिलं नाही, हात उगारणं तर दूरच. पण ती खोलीत आली की तुमची नजर पेपरवर जायची, आणि ती गेली की परत वर यायची. मी ते पाहत होतो. मला वाटायचं, शिकलेली माणसं अशीच असतात, चारचौघांत प्रेम दाखवत नाहीत.

एकदा तुम्ही कामावर होतात तेव्हा मी तिला विचारलं होतं, "पोरी, सुखात आहेस ना?" ती म्हणाली, "तुम्हाला तर माहीतच होतं, बाबा." मी त्याचा अर्थ असा घेतला की माझी निवड चुकणार नाही हे मला माहीतच होतं! घरी येताना रस्त्याने मी गुणगुणत आलो. तिची आई असती तर तिने पोरीच्या आवाजावरून ओळखलं असतं. ती जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ऐकायचं काम तीच करायची. त्या दिवसानंतर मुलगी माझ्याकडे यायची कमी होत गेली. मी शिंप्याला सांगायचो, संसारात रमली.

मंगळवार, बुधवार मी कोणाशी बोललो नाही. गुरुवारी तुम्ही प्रयोगशाळेत गेल्यावर आलो. ती इस्त्री करत होती, तुमचे शर्ट. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, खोक्यापासून ते काकांच्या चहापर्यंत. ती इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. म्हणाले, मी नको म्हटलं होतं, तुझ्या वडिलांना ते कळवलंही होतं, ते म्हणाले चालेल. मला वाटलं, तुम्हाला मी जड झाले होते."

मी म्हटलं, "मला तो शब्दच कळला नव्हता, पोरी."

"एका शब्दापायी," ती म्हणाली, आणि हसायला लागली. किती वेळ हसत होती. लहानपणी हसायची तसं नव्हतं ते. मला वाटलं रडेल, पण रडली नाही. इस्त्री उभी करून ठेवली आणि म्हणाली, "यांना वाटत होतं तुम्ही निर्दयी आहात. मलाही तेच वाटत होतं. आमचं दोघांचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं, बाबा. आता तेही गेलं."

मी तिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"तुम्ही मला नेताय, की मी येतेय?"

"तू सांग. या वेळी तू सांगशील तसं. तुझी इच्छा काय आहे?"

तिने उरलेल्या शर्टांतला एक उचलून पसरला. "इच्छा," ती म्हणाली. "ते आता कोणी विचारू नका. इतकी वर्षं नको असलेली म्हणून राहिलेय, मला हवं काय ते सापडत नाही. इथे राहायचं नाही एवढं समजतं. पण आज नको. शनिवारी या. यांचे कपडे व्हायचेत."

शुक्रवारी मी दुकान उघडलं, बाईंची कात्री पुरी करून दिली. त्यांनी विचारलं, "रागावला नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही बाई, तुम्ही शिकवलंत." त्यांना ती थट्टाच वाटली.

काल शनिवारी तुम्ही बाहेरगावी कामाला गेला होतात. मी आलो. तिची एकच बॅग निघाली. शर्ट कपाटात लावले आहेत, दूध तापवून ठेवलं आहे, किल्ली शेजारच्या आजींकडे दिली आहे. आजी म्हणाल्या, "माहेरी का? चार दिवस?" ती "हो" म्हणाली.

आता ती आतल्या खोलीत आहे. जेवते, भांडी घासते, मी विचारलं तर उत्तर देते. माझ्याकडे बघत नाही. तुमचंच पाहून शिकली असेल, किंवा माझ्याकडे बघवत नसेल. शिंपी येऊन म्हणाला, "वा, लेक आली!" मी त्याला कसं सांगू की ती माझ्याकडे आलेली नाही, फक्त तुमच्याकडून निघाली आहे. पुढे काय, ते मला दिसत नाही. रोज सकाळी देवापुढे बसतो, पण मागायला काही सुचत नाही. जे मागायचं होतं त्याची वेळ काकांचा चहा निवत होता तेव्हाच होती.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही खरं बोललात, पहिल्यांदाच बोललात, आणि ते माझ्यापर्यंत आलंही. तुम्ही नाही म्हटलंत त्याला मी हो म्हणून बसलो. आता कागदोपत्री जे करायचं ते तुम्ही म्हणाल तेव्हा करू, मी सही करायला येईन. आमच्याकडून अडवणूक होणार नाही. काकांना काही बोलू नका, ते थकले आहेत.

तुमचा नकार मला मिळाला. तो मी मान्य केला आहे आणि मुलगी घरी आणली आहे.

'तुमचा' असं लिहिणार होतो. ते नातं आता संपलं.

तिचा बाप