माझे अठ्ठावीस खेळाडू कुणाकडे जावेत याबद्दल

संघ वारसाला देता यावा हा माझा ठराव मार्चच्या बैठकीत मतदानाला येणार आहे. लीगचे चिटणीस मिल्टन ओगल यांनी काल फोनवर तसे नक्की सांगितले. ती बैठक मी पाहीन याची खात्री देता येत नाही, असे डॉ. प्रुइट यांनी सोमवारी सांगितले. बुद्धी शाबूत आहे, हे मात्र त्यांनी लेखी दिले. म्हणून मी, कॅसिमिर ब्रोडा, निवृत्त वृत्तसंपादक, राहणार ईरी, पेनसिल्व्हेनिया, कुणाच्याही दबावाशिवाय ही व्यवस्था लिहून ठेवतो. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे.

पहिले. राहते घर विकावे आणि येणारी रक्कम ग्रेगरी आणि लोर्ना या माझ्या दोन मुलांनी समान वाटून घ्यावी. बँकेतल्या शिलकीचेही तसेच. वांडाचे, म्हणजे माझ्या दिवंगत पत्नीचे, दागिने लोर्नाचे. होडी आणि मासेमारीच्या काठ्या ग्रेगरीच्या. आमच्या खेळाला तो "बाबांचे पत्ते" म्हणतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पर्च मासे त्याच्याइतके मला कधी मिळाले नाहीत.

दुसरे. माझा संघ, त्याची सर्व कार्डे आणि फासे लोर्नाला मिळावेत. इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण न्यायालयाला आमचे नियम ठाऊक नसतील.

आम्ही आठजण टेबलावर बेसबॉल खेळतो. प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असते. मागच्या मोसमात तो जसा खेळला तसे फाशांवर त्याला यश मिळते. पण मैदानावर तो जितका खेळला, तितकाच टेबलावर खेळवायचा. शेवटच्या महिन्यात संघात येऊन धुमाकूळ घालणाऱ्या पोराचे कार्ड सोन्यासारखे असते, पण त्याच्या फलंदाजीच्या पाळ्या मोजक्या. त्या एप्रिलमध्ये उधळल्या की सप्टेंबरमध्ये तो बाकावर. ही मर्यादा लीगमध्ये मी आणली. त्याआधी आमच्यातल्याच ड्वाइट फेनेलीने चेंडू फेकणारा एकच राखीव पिचर जवळजवळ रोज खेळवून चषक नेला होता. बेरीज चुकली, असे तो अजून म्हणतो. बेरीज नेहमी त्याच्याच बाजूने चुकते.

मालक वारला की संघ मोडायचा आणि खेळाडू सगळ्यांनी पुन्हा निवडून घ्यायचे, हा नियमही माझाच. एका सभासदाच्या पुतण्याने वारशात मिळालेला संघ आठवड्याभरात मित्रांना वाटून टाकला होता. नियम योग्य होता आणि आहे. माझा ठराव इतकाच: ज्या वारसाने पाळ्यांची मर्यादा पाळून संघ खेळवला आहे, त्याला तो ठेवता यावा.

लोर्नाने तो खेळवला आहे. गेल्या सप्टेंबरमध्ये माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ड्वाइटविरुद्धची अंतिम मालिका ती खेळली. ती शहर बससेवेत गाड्या सोडण्याचे काम करते. कुठली गाडी कधी राखून ठेवायची हे तिला सांगावे लागत नाही. निर्णायक सामन्याच्या नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात आमचे दोघे बाद झाले होते, दोन धावपटू तळांवर होते आणि आमचा रॉस्को पेटिट बाकावर. त्याच्या पाळ्या आदल्या सामन्यात संपल्या होत्या. पुढचा प्रसंग मिल्टनने मला सांगितला.

ड्वाइट म्हणाला, "अगं, येऊ दे पेटिटला. बाप दवाखान्यात आहे तुझा. कोण मोजतंय?"

"तुम्हीच मोजताय, काका. मगाचपासून ओठ हलतायत तुमचे."

सगळे हसले. ड्वाइटही हसला. तिने तिसऱ्या पसंतीचा कॅचर फलंदाजीला पाठवला, तो पहिल्याच फाशाला बाद झाला आणि चषक गेला.

दवाखान्यात येऊन ती म्हणाली, "हरलो, बाबा."

"पेटिट?"

"बसवला."

मी नर्सकडून जेलीची दुसरी वाटी मागून घेतली आणि तिच्यापुढे ठेवली. वर्तमानपत्रात असताना माझ्या मथळ्यांना पारितोषिके मिळाली, पण छाती फुगली ती त्या दिवशी, आणि टाके असल्यामुळे ती दुखलीही.

तिसरे. बर्फ उडवायचे यंत्र ड्वाइटला द्यावे. त्याचे दोन हिवाळ्यांपासून बंद आहे आणि तो माझे नेऊन टाकी रिकामी करूनच परत आणतो. हे मतासाठी नाही. म्हणून मतदान झाल्यावरच द्यावे. ठरावाला पाच मते लागतात. मिल्टन चिटणीस म्हणून मत देत नाही, आणि माझे मत मी धरलेले नाही. चार जणांनी हो म्हटले आहे, एकजण बदल नकोच म्हणतो. राहिला ड्वाइट. परवा तो ऑक्स रोस्टचे, म्हणजे भाजलेल्या गोमांसाचे, सँडविच घेऊन आला, माझ्या पथ्यामुळे स्वतःच खाल्ले आणि म्हणाला, "कॅस, संघ मोडला तर पेटिट मी घेणार. आधीच सांगतो."

"घे ना. जपशील?"

"मला शिकवू नकोस. मत कुठल्या बाजूने ते विचारूही नकोस."

"विचारलं का मी?"

जाताना त्याने माझा वाडगा विसळून ठेवला. यावरून काहीही अनुमान काढू नये.

चौथे. या पत्राची अंमलबजावणी मिल्टन ओगल यांनी करावी. ठराव पडला तर न्यायालयात कुणी जाऊ नये. लोर्नाने अठ्ठावीसही कार्डे स्वतःच्या हाताने टेबलावर मांडावीत आणि नवा मालक सर्वांत शेवटी निवडतो, त्या शेवटच्या खुर्चीत बसून उरलेल्यांतून संघ उभा करावा. पेटिट मागच्या मोसमातही दुखापतीमुळे थोडाच खेळला, पण जबर खेळला. ड्वाइट पहिल्याच फेरीत त्याला उचलेल, जून संपायच्या आत त्याच्या सगळ्या पाळ्या खर्च करील, आणि सप्टेंबरमध्ये लोर्नासमोर त्याच्याशिवाय बसेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. ड्वाइटला लाभ मिळत असल्याने त्याला साक्षीदार केलेले नाही. तो रागावला आहे.

(सही) कॅसिमिर ब्रोडा

साक्षीदार:
(सही) आयरीन कुबियाक, शेजारी
(सही) जेरोम टॅली, केशकर्तनकार

ईरी, पेनसिल्व्हेनिया
१४ फेब्रुवारी २०१९