व्याख्येत कोण येतं

३ जानेवारी, सकाळी
शाळेच्या शिस्त समितीचा अध्यक्ष मीच, एकमताने. प्रकरण: चित्रकलेच्या बाई लग्न न करता एका माणसाबरोबर राहतात. नियमावलीत शब्द आहे 'अनैतिक वर्तन'. व्याख्या नाही. ती मी देणार. संकल्प: थोडक्यात बोलणे.

५ जानेवारी
वकील म्हणाले, कायदा बघतो ते वागण्याचा नोकरीशी संबंध काय. मुलांना त्रास झाला का, बाई खोटं बोलल्या का. नुसतं लोकांना खटकतं म्हणून चालत नाही. म्हटलं, लोकांनाच विचारू. न्हाव्याला विचारलं. तो म्हणाला, अनैतिक म्हणजे रांग मोडून खुर्चीत बसणं. रोख माझ्याकडे नसावा. मला घाई होती.

८ जानेवारी
मुलीचा फोन. तीही तशीच राहते म्हणे, गेलं वर्षभर. बायकोला ठाऊक होतं. शेजारणीलासुद्धा. मी शांत राहिलो. बायको म्हणते, आवाज खालच्या मजल्यापर्यंत गेला.
तिची गोष्ट वेगळी. मुलगा चांगला आहे, भांडी घासतो. शिवाय ती माझी मुलगी. तिचं मागणं एकच: बाबा, बाईंविरुद्ध बोलू नका, ते माझ्याबद्दलच असेल. शब्द दिला. पालकांच्या खुल्या सभेत दोनच वाक्यं: कामात खोट नाही. बाईंना ठेवा.

११ जानेवारी
त्या दोन वाक्यांनीच सुरुवात केली. कोणी ऐकेना, मागे कप वाजत होते. म्हणून आवाज चढवला. टाळी पडली. टाळी पडल्यावर थांबणं मला आजवर जमलेलं नाही. समाज, पाया, वाळवी, सगळं आलं. बाईंना काढलं. मुलांची चित्रं भिंतीवर तशीच ठेवून त्या फक्त आपला रंगलेला एप्रन घेऊन गेल्या.
मुलगी शेवटच्या रांगेत होती. न भेटता गेली. गर्दी फार होती.

१२ जानेवारी
बायको चार दिवस लेकीकडे गेली. मोठी बॅग नेली. थंडीमुळे.

१९ जानेवारी
आज मुलीने फोन उचलला. म्हणाली, एकच सांगा बाबा, त्या शब्दात मी येते का? मी विचारलं, कायद्याच्या अर्थाने की बोलण्यातल्या?
आधी नेमकं विचारून घ्यायला नको का? तिकडून लांबून बायकोचा आवाज, ठेव गं आता.
उत्तर 'नाही' होतं. एवढंच. नंतर आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज फुटला नाही.
थंडीच असणार.