सव्वीस हजारांचा होका

आचरा,
१२ जानेवारी २००८

चि. सौ. शर्मिला हीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

इकडे आम्ही दोघं बरी आहोत. आंबा मोहरलाय, पण धुकं पडतंय, त्यामुळे किती टिकेल सांगवत नाही. उर्वशीची परीक्षा कशी झाली ते कळव. तुझा फोन दोनदा आला आणि दोन्ही वेळा मी बाहेर असल्याचं नर्मदेने सांगितलं. मी पडवीतच होतो, मीच तिला तसं सांगायला लावलं. फोन माजघरात आहे, आणि जे सांगायचंय ते तिच्यासमोर बोलवत नाही. म्हणून हे पत्र.

माझा नाद तुला ठाऊकच आहे. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून जुन्या गलबतांवरचे कंदील, कप्प्या, घंटा असं काय काय मालवणच्या भंगारवाल्यांकडून आणून कपाटात मांडतो. दिवाळीत स्वरूपने कॉम्प्युटर बसवून दिला, इंटरनेटवरचा लिलाव कसा चालतो ते दाखवलं आणि चिरंजीव पुण्याला गेले. तिथे मला एक होका दिसला, जुनं होकायंत्र. पितळी, लाकडी पेटीतला. काटा उत्तरेला लागलेला. खाली लिहिलं होतं, मालवणच्या गलबतावरचा. आणि झाकणाच्या कडेला पोचा! बाबांच्या होक्याला तसाच पोचा होता ना? त्यांनी गलबत विकलं तेव्हा होकाही त्याबरोबर गेला, आणि आता फिरत फिरत माझ्यापुढे आला, असं मी धरूनच चाललो. फोटो धूसर होता. जे दिसत नव्हतं ते मी मनाने भरलं.

आठ हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. पण समोर ‘सागरपक्षी’ नावाचा कोणी होता. मी बोली वाढवली की तोही वाढवायचा. खरं सांगतो, मी वस्तू विसरलो. हा माणूस सोडत नाही म्हणजे जाणकार असणार, होका अस्सल असल्याचं त्याला ठाऊक असणार, एवढंच डोक्यात. आणि बाबांची वस्तू कुणा परक्याच्या दिवाणखान्यात जाणार याचा राग. सव्वीस हजारांना मिळाला. मी खुर्चीतून उठून टाळी वाजवली. या वयात.

पार्सल आलं. नर्मदेने चिंच लावून घासायला घेतला, तर काळपटपणा तिच्या हाताला आला. आत कालपरवाचं पिवळंधमक पितळ. तरी मी म्हटलं, पोचा तर आहे! परवा त्याच विक्रेत्याने दुसरा होका लिलावाला लावला. पोचा त्याच जागी, अगदी तसाच.

ते पैसे नर्मदेच्या मोतीबिंदूसाठी ठेवलेले. तिला मी दोन हजार सांगितलेत. विक्रेता उत्तर देत नाही. तुझ्याकडे काही मागायला लिहीत नाही. कुणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरेना. वाचून पत्र फाडून टाक, माया होती तशी ठेव.

तुझा दादा,
सत्यवान


डोंबिवली,
१९ जानेवारी २००८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

उर्वशीचे पेपर बरे गेले. तुझं पत्र फाडलं नाही. पुन्हा पुन्हा वाचलं आणि दरवेळी त्या एका नावाशी अडखळले. दादा, सागरपक्षी म्हणजे मी.

उर्वशीनेच मला तो होका दाखवला. आई, हे बघ तुमच्या मालवणचं, म्हणाली. मी पोचा पाहिला आणि माझंही तुझ्यासारखंच झालं. शिकवण्यांचे साठवलेले पैसे होते. ह्यांना न सांगता बोली लावत गेले. समोरचा माणूस मला मुंबईचा कोणी पैसेवाला व्यापारी वाटला. तो हटत नाही म्हणजे माल खरा, हे मीही त्याच्यावरूनच ठरवलं. तू माझ्याकडे बघत होतास, मी तुझ्याकडे. होक्याकडे कुणीच बघत नव्हतं. माझ्याकडचे पैसे संपले म्हणून मी सुटले. शहाणपणाने नव्हे.

याहून लाजिरवाणं पुढे आहे. होका खोटा निघाला हे वाचून क्षणभर मला बरं वाटलं. घेणारा तू आहेस हे कळूनही बरं वाटलं. मग स्वतःचीच शिसारी आली.

तुला आधी का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, बाबांची वस्तू घरातच शोभते. घर म्हणजे तुझं. मालवणच्या कचेरीत मी त्या घरावरचा हक्क सोडल्याची सही केली, तेव्हा कारकुनासमोर, चुलत्यांसमोर तू विचारलंस की शर्मिला, तुका काय होया तां सांग. चार माणसांत काय सांगणार? माका काय नको, म्हटलं. सगळ्यांनी कौतुक केलं. मला गलबतावर कधी चढू दिलं नाही, ठाऊक आहे ना? पण बाबा सफरीवरून आले की होका अंगणात ठेवायचे आणि म्हणायचे, फिर गो त्याच्या भोवती. मी गरगर फिरायचे, काटा जागचा हलायचा नाही. तेवढाच समुद्र माझ्या वाट्याला आला.

वहिनीला खरं सांग. ऑपरेशनला माझे पैसे घे. नाहीतरी ते त्या होक्यातच जायचे होते. रागावलास तरी उत्तर दे, एवढा लोभ राहू दे.

तुझी,
शर्मिला


आचरा,
३ फेब्रुवारी २००८

चि. सौ. शर्मिला हीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

पहिलं उत्तर लिहून फाडलं. तू मध्ये नसतीस तर आठ हजारांत भागलं असतं, असं त्यात लिहिलं होतं. खोटा होका स्वस्तात मिळाला असता, यात मी कसलं सुख मानत होतो देव जाणे!

नर्मदेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, मोतीबिंदू माझ्या डोळ्यांत झालो, पण दिसाक नाय तां तुमका. रात्रीचं वाढताना म्हणाली, सव्वीस हजार गेले त्याचा काय नाय, पण दोन हजार म्हणून सांगितलात तां लागला. माझ्याने मान वर करवली नाही.

त्या दुसऱ्या होक्याचा लिलाव मी बघत बसलो होतो. दोन माणसं झुंजत होती, आकडा चढत होता. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, पण सांगणार कसं? त्यांनीही एकमेकांनाच जामीन धरलं होतं.

आता कचेरीतली गोष्ट. शर्मिला, मी चार माणसांत विचारलं ते सहज नव्हे. एकटीला विचारलं तर तू काहीतरी मागशील, हे मला ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळी आपण दोघंच विहिरीजवळ बसलो होतो. तू काहीतरी बोलायला लागलीस आणि मी बैलांना पाणी दाखवायचं निमित्त करून उठलो. होक्याची गोष्ट बाहेर फुटलीच, त्यावरून गाव हसतंय ते चार दिवसांत विरेल. ही लाज विरायची नाही, आणि विरू नये.

पैसे पाठवू नको. स्वरूप भरतो म्हणाला. त्यालाही सगळं सांगितलं. नर्मदेचं ऑपरेशन या महिनाअखेरीस कुडाळला. तू ये. आणि आता मी विचारतो, इथे दुसरं कुणी नाही: तुला काय हवं? ‘काही नको’ लिहिणार असलीस तर लिहूच नको. बाकी लोभ आहे, तो तुला मागावा लागणार नाही.

तुझा,
सत्यवान


डोंबिवली,
११ फेब्रुवारी २००८

ती. दादास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पोचते. वहिनीच्या डोळ्यांत थेंब मी घालीन, तू चूल सांभाळ. ह्यांनाही सगळं सांगितलं. तिकीट त्यांनीच काढून आणलं.

‘काही नको’ असंच आधी लिहिलं होतं. सवयीने हात तिकडेच जातो. मग उर्वशीने विचारलं, आई, तू माहेरी गेलीस की बॅग कुठे ठेवतेस गं? मी म्हटलं, बाकाखाली. लग्न झाल्यापासून तिथेच ठेवते. मग तो कागद बाजूला सारून हा नवा घेतला.

तर दादा, मला खाडीकडची खोली हवी. राहायला आल्यावर वापरायची म्हणून नव्हे, माझी म्हणून. कागदावर. तुझं कपाट तिथे आहे, ते हलवावं लागेल, हे माहीत आहे. लिहिताना कान तापलेत. पण चोरून बोली लावण्यापेक्षा तोंडाने मागितलेलं बरं, एवढं कळलंय.

नाही म्हणायचं असेल तर मला एकटीला म्हण, चार माणसांत नको. नाही म्हणालास तरी मी येईन. लोभावरचा हक्क मी कधी सोडला नव्हता, तो तसाच असावा.

तुझी,
शर्मिला