पांढरे कंदील

ती. सुमिएताईस,

शाई मी घोटली, बांबूच्या लेखण्या मी तासल्या, चित्राची फळी मी रंधली, बसायची तिपाईही मीच ठोकली (ती मोडली, पण तो लाकडाचा दोष). पत्र ऋतुवर्णनाने सुरू करावं हा आपल्या जपानचा रिवाज मला ठाऊक आहे. पण पेनांगला एकोणीस वर्षं एकच ऋतू चालू आहे. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला? माझं विचारशील तर मी संपलो.

या गल्लीतली सतरा जुनी घरं जशीच्या तशी कागदावर उतरवायची, एवढंच मी आयुष्याकडे मागितलं होतं. अकरा झाली. अकरावं क्वा मंडळींचं. कौलं दोन हजार तीनशे सोळा (फुटकी नऊ, तीही फुटकीच काढली). घरमालक बून हॉक यांनी ते चित्र आईच्या नव्वदीला मागितलं, मीही हौसेने दिलं. जेवणावळीत शंभर माणसांसमोर गुंडाळी उलगडली आणि सगळ्यांचे हात ताटांवरच थांबले. मी काळ्या शाईखेरीज काही वापरत नाही, हे तू जाणतेस. दारावरचे दोन लाल कंदील त्यामुळे पांढरे राहिले. आणि इथे दाराला पांढरे कंदील लागतात ते घरातलं माणूस गेल्यावर. वर मी त्यांवर आडनावही सुवाच्य घातलेलं. (हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी कौलं मोजत होतो.) धाकटा जावई म्हणाला, "मास्तर, तेवढी तारीख राहिली की."

तेव्हापासून गल्ली मला बंद. बाराव्या घरची बाई मला पाहताच दार लावते. चौदाव्या घरचा म्हातारा म्हणाला, "आमच्याकडे सगळे धडधाकट आहेत, काका. पुढे व्हा." बून हॉक स्वतः आले: कंदील लाल करा, मी तुम्हाला घरोघरी घेऊन जातो. मी त्यांना काळ्या शाईवर तासभर व्याख्यान दिलं. तत्त्व राहिलं, सहा घरं गेली.

तुझा अभागी भाऊ,
इवाओ

ता. क. घाटाजवळच्या शाईवाल्याकडून लाल रंगाची सर्वांत लहान डबी पाठव. भावोजींना कळू देऊ नकोस.

आणखी ता. क. काल क्वाआजी काठी टेकत आल्या. म्हणाल्या, "जपान्या, एकच लाल कर. दुसरा असू दे, लवकरच लागेल." त्यांना नाही म्हणवलं नाही, फुकट करून देतोय. त्यांच्या मुलाने दोन्हींचे मिळून आठ हजार रिंगिट देऊ केले होते. ते मी नाकारले.