वाकळीचे चार कोपरे

२ डिसेंबर १९३४, रविवार. लासुर्णे

आलो एकदाचा! दौंडहून बारामतीपर्यंत त्या छोट्या गाडीनं अंग खिळखिळं केलं, आणि पुढं मोटारीत शेजारच्या गृहस्थाच्या मांडीवरच्या कोंबडीनं माझ्या कोटाच्या बाहीवर जे करायचं ते केलं. शी! पण जागा पाहिली आणि सगळा राग गेला. महिपती तात्या म्हणून इथले ऊसवाले बागाईतदार आहेत, त्यांच्या नव्या घराची माडी मला भाड्यानं मिळाली. दोन खोल्या, वर पत्रा, आणि खिडकीतून थेट पाट दिसतो. माझं कामच त्या पाटावरचं. रोज उजाडताना मापपट्टीवर पाणी किती चढलं ते बघायचं आणि कचेरीच्या वहीत लिहायचं. एवढ्यावर सरकार पगार देतं आणि गाव भाऊसाहेब म्हणतं. आणखी काय पाहिजे?

सौ. रतन पुण्याला माहेरी आहे. बाळ दोन महिन्यांची झाली. संक्रांत झाली की दोघींना इथं आणायचं ठरलंय. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात पुण्याच्या त्या ओल आलेल्या खोलीत आमचा पहिला मुलगा गारठ्यानं गेला. छाती भरली आणि तिसऱ्या दिवशी आटोपलं. शेजारणीनं दिलेली गोधडी मळकी म्हणून मी परत केली होती. सौ. रडली नाही. पुढचं घर गरम बघून घ्या, इतकंच म्हणाली. ते मी विसरलेलो नाही.

६ डिसेंबर

घर गरम नाही. पाटाच्या पाण्यावरून जो गारठा येतो तो थेट हाडात शिरतो. पहाटे पत्र्याला घाम फुटतो आणि थेंब नेमके तोंडावर पडतात. आज एक तोंडातच पडला. गंज आणि पारव्यांची शीट यांची एकत्र चव काय असते ते मला आता ठाऊक आहे. दिवसभर काही खाववलं नाही.

उपाय चालू आहेत. भिंतीच्या फटींत खळ लावून वर्तमानपत्रं कोंबली, तर ती खळ खायला झुरळं आली. खिडकीला गोणपाट लावलं. कोळशाची शेगडी आणली, पण दारं लावून कोळसे पेटते ठेवू नका म्हणून तात्यांनी बजावलं. शेजारच्या अंथुर्णे गावात एक नवराबायको असेच निजले ते उठलेच नाहीत म्हणे. म्हणजे शेगडी निजण्यापूर्वी बाहेर. घोंगडी घेतली तर तिला ओल्या मेंढ्याचा वास. सौ. म्हणते, तुम्हाला प्रसादातसुद्धा केस सापडतो. सापडतो, कारण असतो!

९ डिसेंबर, रविवार

तात्यांच्या मंडळी द्वारकाबाई आज स्वतः वर आल्या. माझं खोकणं खाली ऐकू जातं म्हणे. त्यांनी एक वाकळ आणली. आमच्याकडे गोधडी म्हणतो तीच, पण ही नऊ थरांची. तात्यांच्या आईनं शिवलेली. आत घरातल्या तीन पिढ्यांची लुगडी, बंड्या, धोतरं, बाळंतपणातले धडपे, सगळं. त्यांनी हे कौतुकानं सांगितलं आणि मी दोन पावलं मागं सरलो. वास म्हणाल तर खोबरेल, तंबाखू आणि लहान मुलाच्या मुताचा. चारही कोपऱ्यांत सुपारीएवढ्या टणक गाठी.

त्या गाठींत भाकरीचे तुकडे शिवलेले आहेत! शिवून झाली की वाकळीला चार घास भरवायचे आणि दर अवसेला ते बदलायचे, अशी यांची रीत. बाई जाताना दोनदा सांगून गेल्या की कोपरे उसवू नका आणि धुवायला टाकू नका, अवसेला मीच येऊन नवे घास घालीन. मी मान डोलावली. नाक दाबून पांघरली. पण खरं सांगायचं तर दहा मिनिटांत गाढ झोप लागली.

१६ डिसेंबर, रविवार

आठवडाभर ऊब घेतली, पण आज सकाळी मानेवरून मुंग्यांची रांग गेली. ती रांग कोपऱ्यातून निघत होती. झालं, माझं डोकं फिरलं. चाकूनं चारही कोपरे उसवले.

देवा रे! भाकरी कसली, काळा बुरशीचा गोळा, त्याला केस चिकटलेले आणि आत पांढऱ्या अळ्या. दुसऱ्यात तर कुणाचं तरी नखसुद्धा होतं. मी हे आठ दिवस नाकाशी घेऊन निजत होतो. चिमट्यानं उचलून चारही गोळे पाटात फेकले. मग वाकळ सोडा घालून दोनदा खंगाळली. पाणी असं निघालं की वर साय धरली होती. कोपरे मी स्वतः सुईदोऱ्यानं साफ, सपाट शिवून टाकले. द्वारकाबाईंना सांगितलं नाही. उगीच त्यांना वाईट वाटायचं.

माझी बाळ या वाकळीत निजायची आहे. अळ्यांत नाही.

२० डिसेंबर

वाकळ वाळली. वास पार गेला. आणि ऊब काय सांगू, आधीच्या दुप्पट! दुपारी नुसती घडी करून ठेवली तरी शेजारचा तांब्या कोमट लागतो. सोड्यानं थर मोकळे झाले असणार. खोकला थांबला. शेगडी लागतच नाही. सौ.ला कार्ड टाकलं की घर भट्टीसारखं गरम आहे, संक्रांत झाली की पहिल्या गाडीनं निघ.

२८ डिसेंबर

अंग तुपकट लागतं. उठलो की कातडीवर मेणासारखा थर. शिकेकाईनं घासला तरी दुसऱ्या दिवशी परत. वाकळीच्या आतल्या बाजूला माझ्या आकाराचा डाग पडलाय, खांदे, पाठ, मांड्या सगळं ओळखू येतं. नखानं खरवडलं तर पिवळं, चरबीसारखं निघालं. वास घेतला. रस्सा थंड झाल्यावर वर जो तवंग येतो, तोच वास. ओकारी आली.

पट्ट्याला दोन भोकं नवी पाडली. कचेरीत विचारतात, भाऊसाहेब, आजारी आहात काय? जेवण तर दुप्पट जातंय.

५ जानेवारी १९३५, शनिवार. अमावास्या

द्वारकाबाई ताज्या भाकरीचे चार तुकडे घेऊन वर आल्या. मी विसरलो होतो. त्यांनी कोपरे चाचपले आणि हात एकदम मागं घेतला. मग माझ्याकडं नीट पाहिलं, गालांकडं, मनगटांकडं.

“किती दिस झालं?” त्यांनी विचारलं.

वीस दिवस, म्हणालो. त्यांनी भाकरीचे तुकडे खाली ठेवले.

“भाऊसायेब, ती माणसाच्या अंगाला लागून ऱ्हाती. तिला उपाशी ठिवू न्हाय म्हून तर घास. तुमी उपाशी ठिवली तिला.”

मी हसलो. अडाणीपणा म्हणालो. त्यांनी घास शिवले आणि आज पांघरू नका म्हणाल्या. वाकळ परत खाली न्या म्हटलं तर नको म्हणाल्या, खाली नातवंडं आहेत.

मी पांघरली. गारठा किती होता!

६ जानेवारी

घास जसेच्या तसे आहेत. त्यांना मुंगीसुद्धा लागलेली नाही. द्वारकाबाईंनी दारातूनच पाहिलं. आता तिला भाकरी चालायची न्हाय, म्हणाल्या आणि निघून गेल्या.

८ जानेवारी

खालची मांजर वर येऊन निजायची. दुपारी कचेरीतून आलो तर वाकळीखालून शेपूट दिसलं. ओढलं.

वजनच नव्हतं. रिकामी पिशवी हाती यावी तसं. कातडं, मिशा, नखं, सगळं जागेवर, आत काही नाही. आणि वाकळीचा तो कोपरा ओला होता. तान्ह्या मुलानं चोखलेलं दुपट्याचं टोक असतं तसा, चोळामोळा, लाळेनं चिकट. मी बोट लावलं. कोपऱ्यानं बोट —

हात तीनदा साबणानं धुतला. मांजर पाटाकाठी पुरली.

१० जानेवारी

तात्यांना सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. शिवेवर त्यांचं गुऱ्हाळ चालू आहे, काहिलीखालच्या चुलाणात टाका म्हणाले, आयची हाय पर टाका. उजाडताना निघालो. वाकळ गोणत्यात घालून काखेत. वारं असं होतं की कानांत सुया. निम्म्या वाटेत दात वाजायला लागले. म्हटलं, तिथपर्यंत खांद्यावर घ्यावी, मग टाकायचीच आहे.

चुलाणापर्यंत गेलो. धग अंगाला लागत होती. गुळव्या म्हणाला, टाका की. मी उभाच.

वाकळ पांघरूनच परत आलो. मला माझीच किळस येते. लिहितानाही अंगावर आहे.

११ जानेवारी

सौ.ला कार्ड टाकलं. येऊ नकोस. घर घाण आहे, राहण्याजोगं नाही. खरं काय ते कार्डावर कसं लिहू? तिनं एक मूल पोचवलंय. तिला मांजरीचं लिहू?

वाकळ गोणत्यात शिवली. माळ्यावर टाकली. त्यावर फुटके डबे.

१४ जानेवारी, संक्रांत

तीन दिवस वाकळीशिवाय. शेगडीजवळ बसून काढले. तात्या म्हणतात अशी थंडी त्यांच्या हयातीत पडली नाही. वांग्याची रोपं काळी पडली. मी तिळगूळ घ्यायला हात पुढं केला तर सिंधुबाई, तात्यांची सून, मागं सरली. माझे हात — कातडं हाडांवर लोंबतं. आरशावर फडकं टाकलंय.

माळ्यावरून थेंब पडतो. तुपकट. पत्र्याचा नाही.

१६ जानेवारी

आली. बाळाला घेऊन आली! संध्याकाळच्या मोटारीनं. कार्ड मिळालं होतं. वाचून हसली म्हणे. तुम्हाला कुठलं घर स्वच्छ वाटलंय आजवर? मला पाहिलं आणि हसू गेलं. खानावळीचं अन्न अंगी लागत नाही, म्हणून तर आले, म्हणाली.

खोली बर्फ. बाळाचं नाक गार, ओठ निळे. मी सगळी घोंगडी, कोट, धोतरं तिच्यावर घातली. रात्रभर तिला छातीशी धरून बसलो. पण माझ्या अंगात आता ऊबच — नाही.

उद्या परत पाठवणार. सौ.ला सांगितलं की माळ्यावरच्या गोणत्याला हात लावू नकोस, त्यात घाण आहे, उवा आहेत. तिनं मान हलवली. मी प्रसादातला केस दाखवतो तेव्हा हलवते तशी.

१७ जानेवारी, गुरुवार

मापपट्टीला बर्फाची साल. पाटाच्या कडेला बर्फ! लासुर्ण्यात! माप घेतलं आणि धावत आलो. रडणं ऐकू येत नव्हतं.

सौ. खाली अंगणात, पाणी तापवतेय. आनंदात. म्हणाली, शिवण न् शिवण बघितली, एक ऊ नाही. एवढी गरम वाकळ माळ्यावर टाकून पोरीला गारठवत होतात. तुमच्या घाण घाण करण्यानं एक गेलं. हे नाही जाऊ द्यायचं मला.

म्हणाली, पोट भरून निजलीय. उठवू नका.

मी वर आलोय. शेजारी बसलोय. खोली गरम आहे. पत्रासुद्धा कोरडा.

उचलवत नाही. हे लिहून होईतो उचलायची नाही, असं ठरवलंय. म्हणून लिहितो. वाकळ सरळ अंथरलेली आहे. मध्ये उंचवटा दिसत नाही. बाळ लहान आहे. तीन महिन्यांची. उंचवटा कितीसा दिसणार? नऊ थर आहेत. दिसणार नाही. न दिसणं बरोबर आहे.

चारही कोपरे ओले आहेत.

सौ. जिना चढतेय. गाणं म्हणतेय. ती यायच्या आत उचलायला हवी. उचलतो. उजव्या हातानं — उजवा लिहितोय. डाव्यानं.

डावा हात उबेत आहे. मनगटापर्यंत. मी कधी घातला आत? बरं वाटतंय. शी, किती बरं —

बोटांना काही लागत नाही. नुसतं झबलं. झबलं, आणि त्यात —

रतन, आत येऊ न