चार्जरच्या वायरला

दादा,

चिठ्ठी चार्जरच्या वायरला बांधून ठेवलीय. फ्रिजवर लावली असती तर तुझ्या नजरेस कधी पडली असती, देव जाणे.

बाबा न्हाणीघरात घसरले. उभं राहता येत नाहीये, बहुतेक खुबा गेला. मी तुझं दार उघडून हाका मारल्या. तू हेडफोन न काढता हात वर केलास, नेहमीसारखा. म्हणजे 'थांब, मॅच चालू आहे.' फोन केला तर तू कट केलास. मग खालच्या शिंपीकाकांना बोलावलं. त्यांनी विचारलं, "थोरला कुठाय?" मी म्हटलं, घरी नाही.

आता कामाचं. न्हाणीघराची फरशी साबणाने ओली आहे, आधी ती पूस, नाहीतर तूही आपटशील. बाबांचा चष्मा बादलीमागे पडलाय. तो आणि बीपीच्या गोळ्या घेऊन चौकातल्या हॉस्पिटलमध्ये ये. दूध ओट्यावर आहे, ते फ्रिजमध्ये टाक. गॅस बंद करायला मी धावत परत वर आले, तेव्हाच हे खरडतेय; बाबा खाली रिक्षात आहेत.

रागावलेली नाही. रागवायला सवडच मिळाली नाही.

एक सांगायचं राहिलं. बाबांना खुर्चीत बसवून आम्ही दोघं उचलून नेत होतो. तुझ्या दाराशी आलो तेव्हा मी लाथ मारून दार उघडणारच होते. बाबांनी माझं मनगट धरलं. दुखण्याने त्यांना दरदरून घाम फुटला होता. तरी तुला ऐकू जाऊ नये म्हणून ते अगदी हळू म्हणाले, "राहू दे गं. त्याचा डाव मोडेल."

चिमी